कर्ण्यातली लढाई

ये गं बाई, अशी माझ्या जवळ येऊन बैस. उंबऱ्यात उभं राहून बोलू नये, किती वेळा सांगितलं तुला. एक पाय घरात नि एक पाय गाडीवर, ही कसली येण्याची रीत? पण सांगते कुणाला! तू तर एव्हाना रहाटणीला तुझ्या घरी पोचलीसुद्धा असशील. सकाळी आलीस, शाळेत जाऊन मत टाकलंस, बोटाची शाई मला दाखवलीस, अर्धा चहा प्यायलीस, अर्धा कपात तसाच ठेवलास नि तोंडाला रुमाल गुंडाळून गेलीस. माझ्याकडं राहून शिकलीस तेव्हा लागलेलं तुझं नाव अजून आमच्या गावच्या यादीत राहिलंय, म्हणून तेवढी तरी तुझी पायधूळ झडते.

बरं, गेलीस ती गेलीस, जाता जाता एक वाक्य माझ्यापाशी टाकून गेलीस. "मामीआजी, यंदा आम्ही सगळ्यांनी एकालाच दिलं बघ. दुसरा आला तर युद्ध होणार म्हणतात." मी तोंड उघडेपर्यंत गाडीचा आवाज कोपऱ्यापलीकडं गेला होता. मग म्हटलं, तोंडचं राहिलं तर राहिलं, कागदावर तरी ठेवावं. अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, कारण मी शाळेत शिकले नाही, भिंतीवर शिकले. तेही यातच येईल.

ही गोष्ट तुझ्या आजीची आहे. तुझी आजी म्हणजे माझी नणंद. "दुसरा आला तर लढाई होणार" असं एकानं आमच्या चावडीपुढं उभं राहून सांगितलं आणि त्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. ते मोडलेलंच राहिलं असतं तर आज तू कुठली आणि तुझ्या बोटाची शाई तरी कुठली!

तेव्हा देशात पहिल्यांदाच मतं पडायची होती. मी नुकती लग्न होऊन या घरात आले होते. आता तू येतेस त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसतात, तेव्हा तिथं नुसता माळ. भोसरीकडून दिघीकडं चालत आलं तर वाटेत सावलीला बाभळीशिवाय काही नाही. जोंधळा, बाजरी, थोडा हरभरा, एवढ्यावर गाव जगायचं. ज्यांना जमलं ते पुरुष सायकल मारत खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचे. आमचे हे त्यांतलेच.

आणि दिघीच्या टेकडीखाली लष्कराची जागा. तिथं शिपाई नेम धरायला शिकायचे, त्याला सगळे चांदमारी म्हणायचे. गोळीबार असला की टेकडीवर लाल निशाण चढायचं. निशाण वर असलं की त्या अंगाला गुरं न्यायची नाहीत, सरपणाला जायचं नाही. निशाण उतरलं की आम्ही बाया पाट्या घेऊन शेण नि काटक्या गोळा करायला निघायचो. आमची कामं त्या निशाणावर चालायची म्हण ना. सकाळी उठून दुसऱ्या गावच्या बाया ऊन बघतात, आम्ही टेकडी बघायचो. तान्ही पोरं त्या ठोठो आवाजात गाढ झोपायची आणि आवाज थांबला की दचकून उठायची. मी नवीन होते तेव्हा पहिल्या दिवशी भाकरी टाकून आत पळाले होते. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, ते रोजचंच हाय. भाकर करपंल."

तुझ्या आजीचं लग्न ठरलं होतं तळेगाव दाभाड्याला. मुलगा मिलिटरीत, तिकडं उत्तरेला कुठंतरी पहाऱ्यावर. माझ्या सासऱ्यांची बहीण तळेगावात दिलेली, तिनंच स्थळ आणलं. आत्याबाई म्हणायचो आम्ही तिला. मुलगा सुट्टीवर आला, बघून गेला. तेव्हाचं बघणं म्हणजे काय, त्यानं खाली मान घातलेली, हिनं त्याहून खाली. मी रात्री विचारलं, "कसा वाटला गं?"

"म्या कुठं बघितला? बूट बघितलं."

"मग बूट कसे वाटले?"

"चकचकीत हायेत. आणि दारात काढलं तवा टाचंला टाच लावून ठिवलं. आपल्या दादासारखं एक इकडं नि एक उकिरड्यावर न्हाई फेकलं."

दादा म्हणजे आमचे हे. त्यांनी ऐकलं नि ओरडले, "बुटासंगं संसार कर म्हणावं!"

सुपारी फुटली. मुलाच्या आईनं हिच्या ओटीत नारळ घातला, साडीचोळी दिली. वैशाखात लग्न धरलं. हिच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, पण माळावर शेण वेचताना पाटी भरली तरी घरी यायला निघायची नाही. उत्तर कुठल्या बाजूला, हे एकदा मला तिनं विचारलं. मला तरी काय ठाऊक! आम्ही दोघी टेकडीकडं बघत उभ्या राहिलो.

त्यातच ते मतांचं सुरू झालं. आधी आली माणसं, हातात गेरूचा डबा नि कुंचला. आमच्या घराची रस्त्याकडची भिंत लांबलचक, तिच्यावर आम्ही गोवऱ्या थापायचो. त्यांनी सासऱ्यांना न विचारता गोवऱ्या उतरवल्या, भिंतीला चुना मारला आणि हातभर मोठी अक्षरं काढली. नणंद चौथी शिकलेली. मी तिला विचारलं, काय लिहिलंय? तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, "त्यांना मत म्हणजे लढाईला मत." पुढं रोज पाणी आणताना, परत येताना मी तेच गिरवायची. न-ला काना, लढाईचा ल, मताचा म. माझं शिक्षण हे असं झालं. आयुष्यात पहिलं वाक्य वाचता आलं ते खोटं निघालं, याचं मला पुढं पुष्कळ दिवस वाईट वाटायचं. आता वाटत नाही. लवकर कळलं ते बरंच झालं.

मग एके दिवशी जीप आली, वर कर्णा बांधलेला, आणि जीपमधून पुढारी उतरला. त्याचं नाव मी घेत नाही. त्याची पोरंनातवंडं आहेत, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. गाव त्याला दादा म्हणायचं, कारण पुढाऱ्याला काहीतरी नातं लावल्याशिवाय आपल्याला करमत नाही. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं आणि बोलणं असं गोड की मुंगळे लागावेत. चावडीपुढं सभा. पुरुष पुढं, आम्ही बाया मागं भिंतीला टेकून, डोक्यावरून पदर.

आधी तो विहिरीचं बोलला, रस्त्याचं बोलला. कुणी ऐकेना. पोरं धुळीत खेळत होती, म्हातारे तंबाखू मळत होते. त्या दिवशी टेकडीवर निशाण सकाळपासून वर होतं. त्याचं रस्त्याचं चाललेलं असतानाच तिकडं ठो-ठो-ठो सुरू झालं. पुढारी थांबला. एक बोट वर केलं. काय नाटकी थांबला म्हणून सांगू, तमाशातला राजा झक मारील!

"ऐका! माता-भगिनींनो, ऐकताय ना? हा आवाज कसला?"

पुढून एक म्हातारा म्हणाला, "चांदमारीचा हाय की."

आमच्याच गावातला तो, गुरं राखायचा. त्याला कुणाचीच भीड नसायची.

पुढारी हसला. "बरोबर, बाबा, चांदमारीचा. पण नेम कशासाठी शिकवतात? चिमण्या मारायला?"

लोक हसले. मग त्यानं आवाज खाली आणला आणि कर्ण्यातून ते कुजबुजणं असं काही यायला लागलं की अंगावर काटा यावा. म्हणाला, आज ही टेकडी बोलते आहे, उद्या सरहद्द बोलेल. आम्ही आहोत तोवर लढाई होणार नाही. ते दुसरे आले की पावसाळ्याच्या आत तुमच्या पोरांच्या हातात बंदुका देतील. आणि भगिनींनो, तुमच्या कपाळावरचं कुंकू कुणाच्या हाती द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

तिकडून पुन्हा ठो-ठो-ठो. आणि सगळी सभा चिडीचूप.

आता मला तू सांग, ही काय अक्कल झाली? ज्या आवाजात आम्ही दळलं, कांडलं, पोरं निजवली, तोच आवाज. तेच निशाण डोळ्यांसमोर फडकत होतं. पण कर्ण्यानं सांगितल्यावर आमच्या कानांना तो तोफांचा वाटायला लागला. बाहेरचं गाव फसलं असतं तर समजू शकले असते, त्यांनी चांदमारी ऐकली नव्हती. आम्ही तर त्या आवाजावर जगलेली माणसं. आणि फसलो आम्हीच.

माझ्या सासूबाईंनी तर पदर कपाळावरच्या कुंकवापर्यंत ओढून घेतला. त्यांना हसू नकोस. त्यांचा पाठचा भाऊ मोठ्या लढाईत गेला होता, इंग्रजाच्या फौजेतून, कुठल्या मुलखात ते शेवटपर्यंत कळलं नाही. गेला तो गेलाच. त्यांच्या मनात ते दुखणं होतंच, पुढाऱ्यानं नेमकं तिथं बोट घातलं. त्याला काय ठाऊक म्हणशील तर त्याला एकट्या त्यांचं ठाऊक नव्हतं, पण गावोगाव अशी बाई असतेच, एवढं ठाऊक होतं.

सभा संपल्यावर सासूबाई गर्दीतून वाट काढत जीपपाशी गेल्या. मी मागं. त्या पाया पडल्या नि म्हणाल्या, "दादा, लेक मिलिटरीवाल्याला दिलीया तळेगावात. वैशाखात लगीन हाय. काय करू?"

त्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "आई, मी काय सांगणार? लेक तुमची. पण माझी असती, तर मी दिली नसती."

हे वाक्य ध्यानात ठेव.

त्या रात्री घरात जेवण कुणाला गेलं नाही. सासरे म्हणाले, आवाज रोजचाच हाय. हे म्हणाले, "लढाई झाली तर आमाला कारखान्यात ओव्हरटाइम मिळंल." सासूबाईंनी त्यांच्यापुढचं ताट काढून घेतलं. सकाळी त्यांनी ओटीतला नारळ नि साडीचोळी बांधली आणि सासऱ्यांना तळेगावला धाडलं. सुपारी मोडली.

मुलाच्या आईनं साडीचोळी ठेवून घेतली, नारळ मात्र परत पाठवला. निरोप दिला, "ओटीत घातलेला नारळ आमी माघारी घेत न्हाई. मोडलं तुमी, तवा ठिवा तुमच्याच घरात." आता त्या नारळाचं करायचं काय? देवापुढं फोडावा तर मोडलेल्या लग्नाचा, खावा तर घशाखाली उतरायचा नाही, नदीत सोडावा तर लोक विचारणार. सासूबाईंनी तो माजघरात फळीवर ठेवला. तिथं तो दिवसेंदिवस सगळ्यांकडं बघत बसला.

तुझी आजी रडली नाही. माळावर गेलो तेव्हा पाटी खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, चांदमारी मी पाळण्यात व्हते तवापासनं ऐकतीया. तिनं आजवर कुणाचं लगीन मोडलं न्हाई. त्या कर्ण्यानं मोडलं." आणि पुन्हा वाकून शेण गोळा करायला लागली.

मोडलेल्या सुपारीची मुलगी म्हणजे काय, ते तुला आता कळायचं नाही. दोष कुणाचा, कुणी विचारत नाही. जी स्थळं आली ती अशी की उत्तर द्यायलाही लाज वाटावी. शेवटी एक बिजवर आला, बायको गेलेली, दोन पोरं पदरात, वय माझ्या सासऱ्यांच्या जवळपास. पान खाऊन अंगणातच थुंकला. पण लढाईला जाणारा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "घरी तरी राहील." दिवाळीनंतर होकार द्यायचा असं ठरत आलं. तुझ्या आजीनं एवढंच विचारलं, "त्याचं बूट कुठं व्हतं?" तो अनवाणी आला होता.

मधल्या काळात मतं पडून गेली होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असायची. सासूबाईंनी पुढाऱ्याच्या पेटीला आधी हात जोडले, मग कागद टाकला. मीही त्यातच टाकला, खोटं कशाला सांगू. तो निवडून आला. गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि जीप जी गेली ती पावसाळाभर दिसली नाही. विहिरीचं नाव नको, रस्त्यात गुडघाभर चिखल. लढाई झाली नाही म्हणून सगळे म्हणायचे, बघा, दादांनी थांबवली! आमचे हे म्हणायचे, "व्हय, तिकडं सरहद्दीवर जीप आडवी लावून बसल्यात."

पाऊस संपला आणि पेपरात सरहद्दीवरच्या कुरबुरीचं काहीबाही यायला लागलं. पुण्यात मोर्चे निघाले म्हणे. वारं फिरलं तशी जीपही फिरली. आधी गेरूवाले आले. जुन्या अक्षरांवर पातळसा चुना फासला आणि नवीन लिहिलं, "घरटी एक जवान, हीच गावाची शान." मला एव्हाना वाचता येत होतं. मी वाचलं, पुन्हा वाचलं, मग चुन्याखालून जुनं दिसत होतं तेही वाचलं. वर जवान, खाली लढाई नको. त्या गेरूवाल्या पोराला म्हटलं, "अरे, गेल्या वेळी तर उलटं लिहिलं होतंस." तो म्हणाला, "काकू, मी कुठं लिहितो? मी निस्ती अक्षरं काढतो." त्याचं खरंच होतं. लिहिणारा जीपमध्ये होता.

सभा त्याच चावडीपुढं, कर्णा तोच, उपरणंही बहुतेक तेच. पण आवाज आता कुजबुजता नाही, गर्जना! शांतता शांतता म्हणणारे म्हणे बायकी. लढाईला भितो तो मराठी मातीतला नव्हे. ज्या घरातून जवान जात नाही, त्याला घर म्हणू नका, गोठा म्हणा. टाळ्या पडल्या, गं. कुंकवाच्या नावानं गप्प झालेली तीच माणसं आता टाळ्या वाजवत होती. मला इतका राग आला की पदराचं टोक दातांत धरून उभी राहिले.

गुरं राखणारा म्हातारा पुढंच बसला होता. म्हणाला, "दादा, तुमचं चिरंजीव कवा निघायचं?"

सभेत जरा खसखस पिकली. पुढारी गोड हसला. "तो पुण्यात कायदा शिकतोय, बाबा. देशाला वकीलही लागतात."

"लागत्यात की. लढाईत फिर्यादी लई निघत्यात."

त्यावर पुढाऱ्यानं "भारतमाता की" म्हणून घोषणा दिली. अडचणीत आलं की घोषणा द्यायची, ही कला तेव्हाही होती.

हे झालं आणि चारआठ दिवसांत आत्याबाई तळेगावहून आल्या. टेकल्यासुद्धा नाहीत तोवर बोलायला लागल्या. त्या शिपायासाठी आता कुणाची मुलगी सांगून आली असेल? पुढाऱ्याच्या बहिणीची! सख्खी भाची! आणि शब्द टाकायला दादा स्वतः त्यांच्या घरी जाऊन आला. म्हणाला, जवानाला मुलगी देण्यासारखं पुण्य नाही, शिवाय पगार महिन्याच्या महिन्याला, म्हातारपणी पेन्शन, मुलगा निर्व्यसनी.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कोण बोललं हे?"

"अगं, दादा. सोता."

"त्यांची आसती तर दिली नसती, म्हणालं व्हतं."

"आता देत्यात न्हवं का!"

सासूबाई उठल्या, गोठ्यात गेल्या, शेणाची पाटी भरून डोक्यावर घेतली आणि रस्त्याकडच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी एक गोळा घेतला, दोन हातांत चपटा केला आणि "जवान"मधल्या ज-वर असा थापला की शिंतोडे माझ्या अंगावर उडाले. मग पुढचं अक्षर. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एक अक्षर सुटलं नाही. मी पाटी पुरवत गेले. तुझी आजी आली, तिनं खालच्या ओळीचं काम घेतलं. संध्याकाळपर्यंत भिंत पूर्वीसारखी झाली, चांगली गोवऱ्यांनी भरलेली.

पुढाऱ्याचा एक माणूस दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाताना थांबला. "मावशी, हे काय केलंत? दादांची अक्षरं होती."

"वाळायला लावल्यात," सासूबाई म्हणाल्या. "लढाई हाय म्हणत्यात न्हवं? सरपण लागंल."

भिंत भरली, पण सुपारी मोडलेलीच होती. ती आम्ही मोडलेली, आता कुठल्या तोंडानं जायचं? तिकडून भाचीचं जोरात चाललेलं, इकडून बिजवराचा निरोपावर निरोप. मग आत्याबाईंनीच हिंमत केली. दिवाळीत तो शिपाई सुट्टीवर आला तेव्हा, त्याच्या आईला न सांगता, त्याला घेऊन आमच्याकडं आल्या. दारात बूट काढले. टाचेला टाच. मी आतून बघितलं नि नणंदेला चिमटा काढला.

तो भिंतीला पाठ लावून ताठ बसला. या वेळी मान वर होती. सासूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "लढाई झाली तर?"

"झाली तर जावं लागंल, मावशी."

"हुईल का पण?"

"ते मला कोण सांगतंय? पयले दादा म्हणलं, लढाई व्हणार न्हाई. मग म्हणलं, व्हायलाच पायजे. आमी दोन्ही येळंला त्याच चौकीवर उभं व्हतो. तिकडं थंडी बी तीच व्हती."

सासरे हळूच म्हणाले, "त्यांच्या भाचीचं काय?"

तो पहिल्यांदा हसला. "बंदुकीचा आवाज सोसंल, मामा. त्या घरात जावई झालो तर रोज भाषण ऐकावं लागंल."

तेवढ्यात तुझी आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सांगितलं नव्हतं कुणी. ठरत नाही तोवर मुलीनं असं यायचं नसतं. तिनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला, पण बोलली आपल्या आईशी. "आई, कुंकू माझं हाय. जायचं आसंल तर माझं जाईल. मतं मागणाऱ्याचं काय जातंय?"

सासूबाईंना भावाची आठवण आली असणार. भीती काही त्यांची गेली नव्हती, ती मरेपर्यंत गेली नाही. पण भीती आपली आपण बाळगायची, कुणाच्या हातात द्यायची नाही, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं असावं. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पोराच्या आईच्या पाया पडाया मी उद्या जाते."

गेल्या. त्या माउलीनं आधी तासभर शिव्या घातल्या, मग जेवू घातलं. मार्गशीर्षात लग्न ठरलं.

लग्नाच्या दिवशी टेकडीवर निशाण वर होतं. तळेगावची वरात गावाच्या शिवेवर आली आणि तिकडं ठो-ठो सुरू झालं. वऱ्हाडातल्या बाया घाबरल्या, तर हे म्हणाले, "घाबरू नका, तुमच्याच मानाचं बार हायेत. दारू आमच्या कारखान्यातली." मंगलाष्टकं त्या आवाजातच झाली. भटजींना दोनदा ओळ विसरायला झालं.

आणि अक्षता पडतायत न पडतायत तोच जीप आली! आमंत्रण कुणीही दिलेलं नव्हतं. पुढारी उतरला, वधूवरांना नमस्कार केला, आणि मांडवात भाड्यानं आणलेला कर्णा दिसल्यावर त्याला राहवतंय होय? माइक हातात घेतला. या गावानं जवानाला मुलगी दिली, म्हणाला. याला म्हणतात देशभक्ती. आणि सभ्य गृहस्थहो, मला अभिमान वाटतो की या माउलीनं लग्न ठरवताना माझा सल्ला घेतला होता!

माझ्या हातातलं ताट पडायचं राहिलं. तुझे आजोबा पाटावर ताठ बसून समोर बघत होते, चौकीवर असल्यासारखे. तुझ्या आजीचे मुंडावळ्यांआडून खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडतेय. ती हसत होती.

सासूबाईंनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं, मग आत गेल्या. आपल्यात रीतच आहे, मोठा माणूस मांडवात आला, बोलावलेला असो नसो, त्याला टॉवेल, टोपी नि नारळ देऊन मान करायचा. त्या टॉवेल-टोपी घेऊन आल्या. आणि त्यावर ठेवला होता फळीवरचा नारळ. तोच. वर्ष होत आलं होतं त्याला. शेंडी झडलेली, करवंटीवर तडे, आतलं पाणी केव्हाच आटलेलं.

पुढाऱ्यानं दोन्ही हातांनी मान घेतला. नारळ हातात आला की आपला माणूस सवयीनं कानाशी नेऊन हलवतो. त्यानंही हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. मग सासूबाईंकडं बघितलं.

त्या हात जोडून म्हणाल्या, "तुमच्या सभंचा हाय, दादा. जपून ठिवलाता."

चारशे डोळे लागलेले असताना मानाचा नारळ खाली ठेवता येतो का? त्याला तो उपरण्याआड धरून जीपपर्यंत न्यावा लागला. गुरं राखणारा म्हातारा तेवढ्यात पंगतीतून ओरडलाच, "दादा, जेवून जावा की! लढाई हाय व्हय कुठं?" पुढारी जेवला नाही. त्या नारळाचं त्यानं पुढं काय केलं, कुठल्या पुलाच्या उद्घाटनाला फोडला, मला माहीत नाही. आमचं घर मोकळं झालं.

पुढं लढाया झाल्या, गं. कुणाच्या मतानं नाही, नि कुणाच्या मतानं थांबल्याही नाहीत. तुझे आजोबा गेले नि आले. ते तिकडं असताना तुझी आजी माझ्याकडं यायची, आम्ही दोघी अंगणात बसून टेकडीकडं बघायचो. त्या दिवसांत मात्र एकही कर्णा आमच्या दारात आला नाही. "मुली, कशी आहेस, काही कळलं का?" असं विचारायला कुणी उतरलं नाही. खऱ्या लढाईच्या वेळी त्यांची जीप नेमकी नादुरुस्त असते.

तेव्हा तू कुणाला मत दिलंस ते मी विचारत नाही, ते तुझं तुझ्यापाशी. पण भिऊन दिलं असशील तर तुझ्या आजीला आवडलं नसतं, एवढं सांगून ठेवते. तिला तुझ्याएवढीच असताना भिववलं होतं, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती.

आणि एक. ते लोक मत मागायला येतात, तू मत टाकायला येतेस. शाई वाळली की दोघंही गायब. त्यांचं मला काही नाही, न आले तर गावाला बरंच. तू मात्र ये. मत नसताना ये. येत्या रविवारीच ये, चपला दारात काढून ये, टाचेला टाच लावलीस तर फारच छान. चहा मी पुन्हा टाकीन, पण या खेपेला कप रिकामा झाल्याशिवाय उठू देणार नाही.